रिपोर्ट 'नॉर्मल', पण मागच्या वर्षीपेक्षा? तपासण्यांचे आकडे तुम्ही कसे सांभाळता?

निळीशाई

काही महिन्यांपूर्वी आईची सहा वर्षांची फाईल पहिल्यांदाच एका बैठकीत वाचून काढली. त्याआधी रिपोर्ट आला की मी एवढंच बघायचे, एखादा आकडा ठळक छापलाय का. नसला की आईला "सगळं छान आहे" म्हणून सांगायचं आणि कागद फाईलमध्ये सारायचा.

या वेळी क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) आकडे एका कागदावर ओळीने उतरवले. वय ६२ असताना ०.७. वय ६४, ०.८. वय ६६, ०.९. वय ६८, १.१. प्रयोगशाळेने छापलेली मर्यादा ०.६ ते १.१. म्हणजे चारही वेळा आकडा मर्यादेच्या आतच, एकदाही ठळक झाला नाही.

हेच आकडे वय आणि लिंग धरून ईजीएफआरच्या सूत्रात (२०२१ चं सीकेडी-ईपीआय) घातले तर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता अंदाजे अशी येते: ९८, ८२, ७१, ५५. सहा वर्षांत जवळजवळ निम्म्यावर. तिच्या रिपोर्टवर ईजीएफआर छापलेलाच नसायचा, आणि तो काढायचा असतो हेही मला माहीत नव्हतं.

आम्ही मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वेदनाशामक गोळ्या कोणत्या घेतात?" आई गुडघ्यांसाठी दोन वर्षं जवळपास रोज एक गोळी घेत होती. आम्हाला ते औषध वाटतच नव्हतं, इतकं ते अंगवळणी पडलं होतं. सोबत रक्तदाबाची गोळी होतीच. वेदनाशामक बंद केली, गुडघ्यांसाठी व्यायाम सुरू केले, लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासलं (ते ठीक निघालं). तीन महिन्यांनी क्रिएटिनिन ०.९५ आलं, म्हणजे ईजीएफआर ६५ च्या आसपास. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात.

दर वेळी ज्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला त्यांच्यासमोर त्या वेळचाच कागद होता. चारही कागद फक्त आमच्या घरात होते. ते शेजारी शेजारी ठेवायचं काम आमचंच होतं, हे मला आता पटलंय आणि म्हणूनच हा धागा काढतेय. तुम्ही घरातल्यांचे कोणते आकडे लिहून ठेवता? कशात लिहिता? किती दिवसांनी तपासता?

चांदणवेल

वाचून पोटात खड्डा पडला. माझ्या सासूबाई अगदी अशीच गोळी घेतात. आजच फाईल काढते.

पायवाट

चांगला विषय. आई सावरल्या हे वाचून बरं वाटलं.

मी फक्त रक्तदाबाबद्दल लिहितो, कारण त्यात मी चार वर्षं चुकत होतो. दवाखान्यात माझा दाब १५० च्या खाली कधी यायचाच नाही. घरी यंत्र आणलं तर कधी १२४, कधी १४८. यंत्रच खराब आहे असं ठरवून ते कपाटात टाकलं. नंतर एका परिचारिकेने मला समोर बसवून मोजायला शिकवलं, तेव्हा कळलं की यंत्र व्यवस्थित आहे, मोजायची पद्धत चुकीची होती.

तिने सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो. मोजण्याआधी अर्धा तास कॅफीन, धूम्रपान, व्यायाम यातलं काही नको. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या उंचीवर, उघड्या दंडावर. आणि मोजताना बोलायचं नाही. मी तर यंत्राचा पट्टा फुगत असताना फोनवर बोलायचो! नुसत्या बोलण्याने वरचा आकडा सहज दहाएक अंकांनी चढतो. पट्टा दंडाच्या मानाने लहान असेल तरी आकडा जास्त येतो, त्यामुळे दंड जाड असलेल्यांनी मोठा पट्टा मागून घ्यावा.

मग सात दिवस सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा मोजलं, प्रत्येक वेळी दोन मोजण्यांमध्ये एक मिनिट. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून दिले आणि बाकीच्यांची सरासरी काढली. १२८/७९ आली. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या पुढे सरासरी गेली तर उच्च रक्तदाब धरतात. दवाखान्यातली मर्यादा बहुतेक ठिकाणी १४०/९० आहे, अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ साली ती १३०/८० वर आणली. म्हणजे माझा दाब दवाखान्यात शिरल्यावर वाढणारा होता. याच्या उलटही असतं, दवाखान्यात नॉर्मल आणि घरी जास्त. ते जास्त घातक, कारण कोणाच्या लक्षातच येत नाही.

अनवट

पायवाट, पहिल्यांदा मोजताना दोन्ही दंडांचा दाब मोजायला सांगतात, तेही लिहा ना. माझ्या वडिलांच्या दोन हातांत १८ चा फरक निघाला होता. पुढच्या तपासणीत एका हाताकडे जाणारी रोहिणी अरुंद झालेली सापडली.

पायवाट

हो, राहिलंच. ज्या हातात जास्त येतो, पुढे कायम त्याच हातावर मोजायचं.

सूक्ष्मदर्शी

मी बारा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. निळीशाई, तुमचा कागद सगळ्यांना दाखवावा असा आहे. पण आकडे शेजारी ठेवायचे तर ते एकमेकांशी ताडता येण्यासारखे हवेत. टेबलाच्या या बाजूने जे दिसतं ते लिहिते.

शक्यतो एकच लॅब ठेवा. यंत्र, रसायन, पद्धत बदलली की आकडा थोडा सरकतो, आणि छापलेली मर्यादाही बदलते. एलडीएलचं, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचं, उदाहरण घ्या. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजत नाहीत, तो गणिताने काढतात. फ्रीडवाल्ड यांचं १९७२ चं सूत्र आहे: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा (रक्तातली चरबी) पाचवा भागही वजा करायचा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही. दुसरी लॅब एलडीएल थेट मोजत असेल तर दोन रिपोर्टांत फरक दिसणारच. "मागच्या वेळी ११० होतं, आता १२४ कसं?" असा फोन आम्हाला आठवड्यातून दोनदा येतो.

रक्त काढतानाच्या गोष्टींनीही आकडे बदलतात. शीर दिसावी म्हणून मूठ सारखी उघडमीट केली, किंवा नळीत रक्तपेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. साखरेसाठी राखाडी टोपणाची वेगळी नळी असते, तिच्यात फ्लोराईड असतं. ते कशाला, तर रक्त काढल्यानंतरही पेशी साखर वापरतच राहतात. साध्या नळीत तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होऊ शकते. त्यामुळे घरी येऊन रक्त नेणारे असतील तर कोणत्या नळीत घेतात आणि किती वेळात पोचवतात हे बिनधास्त विचारा. आम्हाला राग येत नाही.

केसा-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेतात, त्याने थायरॉइडच्या तपासणीत घोळ होतो. काही पद्धतींत टीएसएच (थायरॉइडचं काम कळण्यासाठी बघतात ते संप्रेरक) खोटंच कमी दिसतं. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी त्या थांबवायला सांगतात, डॉक्टरांना विचारून. टीएसएच दिवसभरात खालीवर होतं, म्हणून दर वेळी साधारण त्याच वेळेला रक्त द्या. जिममध्ये जोरात व्यायाम करून दुसऱ्या दिवशी आलात तर एएसटी, एएलटी (यकृतासाठी बघतात ते आकडे) आणि क्रिएटिनिन तिन्ही वाढलेले दिसू शकतात.

आणखी एक, परदेशी राहणाऱ्या मुलांना रिपोर्ट पाठवणाऱ्यांसाठी. एकक बघा. साखर मिलिमोलमध्ये असेल तर १८ ने गुणा, कोलेस्टेरॉल असेल तर ३८.६७ ने, क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये असेल तर ८८.४ ने भागा. एका काकांना ७.० साखर बघून मुलीने "खूप कमी आहे, लगेच काहीतरी खा" असं कळवलं होतं. ती १२६ होती.

चांदणवेल

सूक्ष्मदर्शी, वाचनखूण साठवली. एक शंका. माझं एचबीए१सी ६.१ आलं, उपाशीपोटीची साखर मात्र ८८. दोन्ही एकाच दिवशी, एकाच लॅबमध्ये. कोणतं खरं मानायचं? हिमोग्लोबिन ९.२ आहे, त्याची गोळी अजून सुरू केलेली नाही.

साधाडॉक्टर

चांदणवेल, प्रश्नाचं उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. एचबीए१सी म्हणजे लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे त्याचं प्रमाण. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. लोहाच्या कमतरतेत नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं, आणि साखर न वाढताही एचबीए१सी वर जाऊ शकतं. उलट, पेशी लवकर फुटत असतील किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर तो खोटाच कमी येतो. हिमोग्लोबिनचे काही आनुवंशिक प्रकार असलेल्यांमध्ये आणि गरोदरपणातही त्याच्यावर विसंबता येत नाही.

५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या आधीची पायरी आणि ६.५ पासून पुढे मधुमेह, हे बरोबर. पण हिमोग्लोबिन ९.२ असताना त्या पट्टीने निकाल लावू नये. आधी हिमोग्लोबिन का कमी आहे ते शोधा, ते भरून काढा, आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा एचबीए१सी करा. तोवर उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर बघत राहा. हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा, मी इथे फक्त वाट दाखवतो आहे.

मितभाषी

इथे सगळे एकाच सुरात बोलताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. निळीशाईंच्या आईंचा अनुभव मी नाकारत नाही. पण "जास्त तपासा, जास्त लिहा" हे सर्वांसाठी चांगलंच, असं मला वाटत नाही.

मर्यादा कशी ठरते ते बघा. निरोगी माणसांचे आकडे घेतात आणि मधल्या ९५ टक्क्यांचा पट्टा छापतात. म्हणजे शंभरातली पाच धडधाकट माणसं त्या पट्ट्याबाहेर पडणारच. आता एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या तर निरोगी माणसाचा निदान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता जवळपास ६४ टक्के होते. सत्तर-ऐंशी तपासण्यांच्या 'संपूर्ण शरीर' पॅकेजमध्ये काहीही ठळक न छापलेला रिपोर्ट मिळणं हीच दुर्मिळ गोष्ट!

माझ्या बाबतीत एएलटी थोडं वाढलेलं होतं. सोनोग्राफी झाली. यकृत ठीक, पण भलतीकडेच एक छोटी गाठ दिसली. मग सीटी. मग सहा महिन्यांनी पुन्हा सीटी. शेवटी "काही नाही, जन्मजात आहे" असं सांगितलं. आठ महिने मी आणि बायको रात्री नीट झोपलो नाही. मुलगी दहावीला होती, तिला काही कळू नये म्हणून दोघं हळू आवाजात बोलायचो. त्या आठ महिन्यांची भरपाई कोण करणार?

कॉक्रन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०१९ चा आढावा आहे. सरसकट आरोग्य तपासणीवरच्या १७ चाचण्या त्यात घेतल्या, त्यातली माणसं लाखांत. तपासणीला बोलावलेल्या आणि न बोलावलेल्या गटांत एकूण मृत्यूंमध्ये फरक जवळजवळ नाही, कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंतही नाही. याचं उत्तर कोणी देईल का?

उंबरठा

मितभाषी, तुमच्या त्या आठ महिन्यांबद्दल वाईट वाटलं. मीही असाच एक काळ काढलाय.

साधाडॉक्टर

मितभाषी, तुमचा आक्षेप योग्य आहे आणि मी रोज रुग्णांना जवळपास हेच सांगतो. तो आढावा मी वाचला आहे. त्यातल्या बऱ्याच चाचण्या जुन्या, आजची औषधं नसतानाच्या आहेत, आणि न बोलावलेल्या गटातली माणसंही आपापल्या डॉक्टरांकडे जातच होती. तरी त्यातून एक गोष्ट घ्यायलाच हवी: सगळ्यांच्या सगळ्या तपासण्या करून आयुष्य वाढत नाही. पॅकेजमधल्या ट्यूमर मार्करच्या (रक्तात कर्करोगाच्या खुणा शोधणाऱ्या) तपासण्या तर निरोगी माणसाने करूच नयेत, असं माझं ठाम मत आहे.

पण निळीशाईंनी ऐंशी तपासण्या केल्या नाहीत. त्यांनी एकच आकडा चार वेळा बघितला. या दोन्हींत मोठा फरक आहे. तुमचं ६४ टक्क्यांचं गणित एका दिवशीच्या वीस तपासण्यांचं आहे. एकच आकडा तीन वेळा ओळीने त्याच दिशेला सरकणं योगायोगाने फार कमी वेळा होतं. शिवाय छापलेला पट्टा हजारो माणसांचा असतो. एका माणसाचा स्वतःचा पट्टा त्याच्या आत बराच अरुंद असतो, क्रिएटिनिनचा तर विशेष. कमी स्नायूंच्या, लहान चणीच्या बाईचं १.१ आणि भरदार पुरुषाचं १.१ यांचा अर्थ एक नाही. म्हणून पट्टा बाजूला ठेवून स्वतःचा जुना आकडा बघायचा.

मी माझ्या रुग्णांना काय सांगतो ते लिहितो. रक्तदाब चाळिशीनंतर वर्षातून एकदा, त्याआधी काही धोका नसेल तर तीन-पाच वर्षांनी चालतो. कोलेस्टेरॉल धोका कमी असेल तर चार-सहा वर्षांतून एकदा पुरे. लिपोप्रोटीन(ए), म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण, आयुष्यात एकदाच बघायचं, ते आनुवंशिक असतं आणि फारसं बदलत नाही. साखर पस्तिशीनंतर, वजन जास्त असेल तर दर तीन वर्षांनी, सीमेवर आली की दर वर्षी. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर क्रिएटिनिनबरोबर लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण दर वर्षी हवंच. ते ३० च्या खाली असावं. ही तपासणी सर्वात जास्त राहून जाते आणि मूत्रपिंडाचं नुकसान पुष्कळदा तिच्यातच आधी दिसतं. निळीशाईंनी ती केली हे फार चांगलं झालं.

आणि कंबर! कोणी मोजत नाही. एक टेप लागते, रक्त लागत नाही. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. वजन तेच राहून कंबर वाढत असेल तर मी त्याकडे नीट बघतो.

अनवट

डॉक्टर, उंचीही मोजावी ना? माझी मावशी दर दिवाळीला "साडी लांब होतेय" म्हणायची, आम्ही हसायचो. मोजली तेव्हा जुन्या पासपोर्टवरच्या उंचीपेक्षा साडेचार सेंटीमीटर कमी भरली. मणक्याचे दोन भाग दबलेले होते, न पडता, न आपटता. हाडांच्या घनतेच्या तपासणीत टी-स्कोअर उणे ३.१. त्या हसण्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

साधाडॉक्टर

नक्की मोजावी. तरुणपणापेक्षा चार सेंटीमीटर उंची कमी झाली असेल तर मणक्याचा एक्स-रे करून घ्यावा. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हाडं ठिसूळ झाली असं धरतात.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मितभाषी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि आईच्या पुढच्या यादीतून पाच तपासण्या कमी केल्या.

माझ्या वहीत आता असं आहे: प्रत्येक मोजमापाला एक पान, डावीकडे तारीख, मग आकडा, एकक, लॅब, आणि उजवीकडे मोठा रकाना "त्या वेळी काय चाललं होतं" असा. ताप होता का, नवी गोळी सुरू झाली का, उपाशीपोटी होतं का. खरी माहिती त्या उजव्या रकान्यातच सापडते. वेदनाशामक गोळी कधी सुरू झाली हे आम्हाला औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या शोधून काढावं लागलं होतं.

डॉक्टर, एक विचारते. किती फरक पडला की लक्ष द्यायचं? दर वेळी ०.१ वाढलं म्हणून धावत सुटायचं नाही, हे समजलं.

साधाडॉक्टर

ढोबळ अंदाज देतो. ट्रायग्लिसराइड एकाच माणसात एक तृतीयांशाने सहज हलतं, त्याची एकेरी चढउतार सोडून द्या. कोलेस्टेरॉलमधला दहा टक्क्यांच्या आतला फरक सोडा. एचबीए१सी ०.१-०.२ ने हललं तर काही नाही, ०.५ ने हललं तर खरोखर काहीतरी बदललंय. न ठरवता सहा ते बारा महिन्यांत पाच टक्के वजन उतरलं तर ते शुभ समजू नका, दाखवा. हिमोग्लोबिन एक ग्रॅमने उतरलं की मागचे आकडे बघा. आणि कुठलाही एकटा आकडा विचित्र आला, तर घाबरण्याआधी तीच तपासणी पुन्हा करा.

उंबरठा

डॉक्टर, तुमचं हिमोग्लोबिनचं वाक्य वाचून काल रात्री मीही फाईल काढली. वय ६१, पुरुष. तीन वर्षांचे आकडे: १४.९, १४.२, १३.४. मर्यादा १३ पासून, म्हणून तिन्ही वेळा "नॉर्मल". मला काही त्रास नाही. जिना चढताना थोडा दम लागतो, तो वयाचा असं धरून चाललो होतो. लोहाची गोळी सुरू करू का?

साधाडॉक्टर

गोळी स्वतःहून सुरू करू नका. ती घेतली की आकडा वर येईल आणि रक्त कुठून जातंय हा प्रश्न झाकला जाईल. तुमच्या वयाच्या पुरुषात हिमोग्लोबिन असं उतरत असेल तर पोट-आतड्यातून थोडं थोडं रक्त जात नाही ना, हे आधी बघावं लागतं. जुन्या रिपोर्टांत एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) नावाची ओळ असेल, तीही तिन्ही वर्षांची शेजारी लिहा. ती उतरत असेल तर लोह कमी पडत असण्याची शक्यता वाढते. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि शौचातल्या रक्ताची तपासणी याबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा. ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक घेत असाल तर तेही सांगा. घाबरण्यासारखं काही नसेलही, पण या आठवड्यातच जा.

उंबरठा

एमसीव्ही ८९, ८५, ८१. ॲस्पिरिन तीन वर्षांपासून रोज घेतो.

वेळ मिळाली आहे, गुरुवारी सकाळी. तिन्ही रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून दाराजवळ ठेवली आहेत.

निळीशाई

उंबरठा, शुक्रवारी इथे नक्की लिहा. वाट बघतेय.